खिळ्यावरचा नान

सियोवुश येतोय हे कळलं तेव्हा ओयाचे, म्हणजे त्याच्या आईचे, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. फोन त्याच्या धाकट्या बहिणीने, मुनीसाने घेतला आणि "आका खुजंदच्या विमानतळावर उतरलेत, टॅक्सीत बसतायत," एवढंच सांगून ती गप्प झाली. पोरीला आनंदाने बोलणं सुचत नाहीये, असं ओयाला वाटलं. आईला असंच वाटतं. मुलगा तीन वर्षांनी रशियातून घरी येतो म्हटल्यावर तिने दुसरं काय वाटून घ्यावं?

खरं तर त्या दिवसाचा घाट मुनीसासाठी घातला होता. ती उद्या अल्माटीला परत जाणार होती. तिच्या शिक्षणाचं दुसरं वर्ष सुरू होणार होतं आणि प्रबंधासाठी तिच्या मार्गदर्शक राऊशान बाईंनी तिला सुट्टी संपायच्या आधीच बोलावलं होतं. कसलं शिक्षण, असं शेजारणीने विचारलं की ओया पाठ केल्यासारखं सांगे, "जागतिकीकरण, काम आणि रोजगार. पदवीच्या पुढचं आहे ते." शेजारीण मान डोलवायची आणि दाराबाहेर पडल्यावर म्हणायची, आपल्या गल्लीतले निम्मे पुरुष रशियात हेच तर करतायत, त्यांना नाही कुणी पदवी दिली. ओयाच्या कानावर ते येत असे. मागच्या वर्षी तिचं स्वतःचं मतही फारसं वेगळं नव्हतं. "काम शिकायला एवढ्या लांब कशाला जायला हवं? इथे अंगणभर पडलंय," असं म्हणून तिने कितीतरी दिवस तोंड फुगवलं होतं. तेव्हा मुनीसाच्या बाजूने कुणी उभं राहिलं असेल तर ती तिची यांगा, सियोवुशची बायको सबोहत. "ओया, या घरातल्या एकीला तरी वाकून नाही, बसून काम करू दे," असं ती म्हणाली, आणि शेवटी ओया हलली.

आमच्याकडे घरातलं माणूस लांब निघालं की ताज्या नानचा एक घास त्याने चावायचा. उरलेला नान फडक्यात बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. तो परत आला की त्याने स्वतःच्या हाताने मोडायचा, थोडा आपण खायचा, थोडा घरच्यांना द्यायचा. तोवर त्याला कुणी हात लावत नाही. सियोवुशचा नान असा तीन उन्हाळे तिथे होता. ओया दर शुक्रवारी फडक्यावरची धूळ तेवढी झटकायची. त्या सकाळी तिने तंदुरातून सगळ्यात देखणा नान मुनीसासाठी वेगळा काढला आणि स्वतःशीच म्हणाली, बघा, एक उतरणार आणि एक चढणार, एकाच बैठकीत.

सबोहत ओसरीत जर्दाळू फोडत होती. अंगठे शिवणीत घालायचे, दोन भाग उघडायचे, बी एकीकडे, फोड दुसरीकडे. नवरा येतोय म्हणून तिने ओढणी बदलली नाही की हात धुतले नाहीत. मुलींना मात्र तिने मुद्दाम गच्चीवर पाठवलं, वाळत घातलेल्या फोडी उलटायला. बापाच्या भेटीत आईचा चेहरा त्यांनी बघू नये, एवढी अक्कल तिला होती.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचे फोन विचित्र झाले होते. आधी तो चालता चालता फोन करायचा, बर्फ दाखवायचा, खोलीतल्या सोबत्यांची टर उडवायचा. मग अचानक नुसता चेहरा, तोही अंधारात. "फोन नीट धरा ना," म्हटलं की "टेकवून ठेवलाय" म्हणायचा. बाईमाणसाला कळायला आणखी काय लागतं? गल्लीत आणखी दोघींचे नवरे असेच आधी अंधारात गेले आणि मग तिकडचेच झाले. मार्चमध्ये सबोहत त्याला म्हणाली होती, "जी कोण आहे तिलाच दाखवा आता तोंड. मला नका करू फोन." त्यावर तो काही बोलला नव्हता. माणूस निर्दोष असता तर भांडला असता, असा हिशेब तिने केला होता, आणि तो हिशेब ती रोज पुन्हा तपासत होती.

टॅक्सीचं दार वाजलं. ओया पिठाच्या हातांनीच धावली. सियोवुश खाली उतरला तेव्हा भर जुलैत त्याच्या उजव्या हातावर जाकीट टाकलेलं होतं, आणि मोठ्यांना सलाम करताना त्याने छातीवर उजव्याऐवजी डावा हात ठेवला. प्रवासाने भांबावलाय बिचारा, असं ओयाला वाटलं. सबोहतने वर पाहिलं नाही. मुनीसाने पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

"ये रे, ये," अंगणातल्या बैठकीच्या तख्तावरून अमक रहमोनकुल गरजले. हे मुनीसाच्या वडिलांचे थोरले भाऊ. भाऊ गेल्यापासून या घराचा शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. "आलो होतो पुतणीला निरोप द्यायला, आणि पुतण्या फुकटात मिळाला! सानोबर, आधी याचा नान काढ. चहाबिहा नंतर."

आपलं नाव ऐकताच ओयाने खिळ्यावरून फडकं उतरवलं. जेवणाच्या चादरीभोवती, दस्तरखानाशी, सगळे बसले. सबोहतलाही यावंच लागलं. ती कडेला, नवऱ्यापासून सगळ्यात लांब बसली. फडक्यातून नान निघाला, दगडासारखा, कडेला सियोवुशच्या दातांची कमान तशीच.

"मोड," ओया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सियोवुशने डाव्या हाताने नान उचलला. मग दाबून मोडायला गुडघ्याशी नेला, आणि ओयाचा चेहरा बघून परत वर आणला. नान एका हाताने मोडायचा नसतो, हे आमच्याकडे बोलायला लागण्याआधीच पोराला कळतं.

"अरे, मॉस्कोत काय सुरीने कापतात की काय?" अमक हसले. "दोन हात दिलेत ना देवाने? आईसमोर ही कसली रीत?"

"ओया, तूच मोड," सियोवुश हळू म्हणाला.

"मी कशी मोडणार? तुझा आहे."

"मोड ना ग."

"तुझं अन्न मी मोडलं तर अपशकुन नाही का होणार? काहीतरीच तुझं. टाक ते जाकीट आधी, केवढं उकडतंय." असं म्हणत तिने स्वतःच ते ओढलं.

उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधे काही नव्हतं. कातडी गुलाबी, नवी, ओढून शिवलेली.

अमकांचा पियाला कलंडला आणि हिरवा चहा दस्तरखानावर पसरत गेला, तो कुणी पुसला नाही.

"कधी?" सबोहतने विचारलं. नवऱ्याशी ती चार महिन्यांत पहिल्यांदा बोलत होती.

"फेब्रुवारीत. गोदामात सामान वाहणारा पट्टा अडकला होता. बंद करायला गेलं तर सगळ्या ओळीचा दिवसाचा आकडा घसरतो, मग फोनवरचं अ‍ॅप पुढची पाळी देत नाही. म्हणून चालू पट्ट्यातच हात घातला." हे तो फार सवयीने बोलला. आधी कधीतरी सगळं बोलून झालेलं असावं, असं. "गोदामवाले म्हणाले हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, मी तर नुसती नावं पुरवतो. म्हणजे मी कुणाचाच नव्हतो."

"फेब्रुवारीत," सबोहत म्हणाली. "आणि मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुला वाटेल की आता..." त्याने वाक्य तसंच सोडलं. "मे महिन्यापर्यंत एका खानावळीत भांडी घासायचा प्रयत्न केला. एका हाताने जमत नाही. मग आलो."

ओया रडायला लागली होती. मुनीसा उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, आणि तिथेच पकडली गेली. या घरात कुठलीही बातमी आली की सगळ्यात आधी रडणारी, आरडाओरडा करणारी मुनीसाच. लहानपणापासून. आणि आता ती कोरडीच होती. सबोहत तिच्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं."

मुनीसाचा हात ओयाच्या पाठीवर थांबला.

"तिला बोलू नकोस," सियोवुश घाईने म्हणाला. "मीच शपथ घातली होती. तिचा अभ्यासच होता ना, माझ्यासारख्यांचा. हिवाळाभर फोन करून विचारत होती, कामाला कसं लागलात, कोण कुणाला नेमतं, सगळं. हात गेला त्याच आठवड्यात तिचा फोन आला. दुसरं कुणी नव्हतं ग बोलायला." बहिणीची बाजू मजबूत करायला तो हसला. "आणि काय हुशार झालीय! मी म्हटलं, तीन बोटं गेली. तर हिचा पहिला प्रश्न, आका, तुम्ही करारावर होतात की रोजंदारीवर? मी म्हटलं, वा, शिकली पोरगी!"

त्याच्याशिवाय कुणी हसलं नाही. मग तोही थांबला.

मुनीसाला तो दिवस पुन्हा समोर दिसला. अल्माटीतली वसतिगृहाची खोली, फोनवर चालू ठेवलेलं ध्वनिमुद्रण, आणि आका म्हणतायत, तीन बोटं. तिला आतून काहीतरी कोसळल्यासारखं झालं होतं, हे खरं. पण त्याच क्षणी हेही मनात आलं होतं की नेमकं हेच हवं होतं. मधल्या दलालांमुळे जबाबदारी कशी विरघळते, याबद्दल ती महिनाभर नुसतं वाचत होती, आणि ते आता आकांच्या तोंडून येत होतं. राऊशान बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, मुलाखत घेताना तुम्ही कुणाच्या बहिणी नाही, कुणाच्या मुली नाही, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मुनीसा हुशार विद्यार्थिनी. तिने ते शब्दशः पाळलं. प्रबंधात तिने आकांना जमशेद असं नाव दिलं. बाईंनी त्या भागाला फार छान म्हटलं होतं.

"ऊठ," सबोहत म्हणाली. "ओसरीत ये."

ओसरीत जर्दाळूंचा ढीग तसाच होता. सबोहत बसली आणि पुन्हा फोडायला लागली. मुनीसाही समोर बसली. हात कामात असले की आमच्या बायकांना बोलता येतं.

"मार्चमध्ये नवरोजच्या सणाला आली होतीस तू."

"हो, यांगा."

"आपण दोघी रात्रभर शिजणाऱ्या सुमनकच्या कढईशी होतो. ढवळायची पाळी माझी होती आणि तू फोन मधे ठेवलास. म्हणालीस, यांगा, मागे राहणाऱ्या बायकांबद्दलही लिहायचंय, बोलाल का? मी बोलले. माझ्या आईला सांगितलं नाही ते तुला सांगितलं. त्याची तिकडे कुणीतरी आहे म्हणून सांगितलं. मला रात्रीची झोप येत नाही म्हणून सांगितलं. आणि तू काय म्हणालीस?"

मुनीसाने हातातली बी खाली ठेवली.

"बोल ना. तुझ्या फोनमध्ये तर भरून ठेवलेलं असेल."

"मी म्हणाले, हं. आणि मग... मग विचारलं, पुढे?"

"पुढे!" सबोहतने जर्दाळू इतक्या जोरात फोडला की बी उडून भिंतीला लागली. "तिथे तो एका हाताने शर्टाची बटणं लावत होता आणि इथे मी त्याला शिव्याशाप देत होते. दोन्हीकडचं तुला माहीत होतं. एक शब्द टाकला असतास. नाव नको, गाव नको. नुसतं म्हणायचं, यांगा, तसं नाहीये. चार शब्दसुद्धा नाहीत ग."

"मला परवानगी नव्हती," मुनीसा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःची लाज वाटली. "चुकलं माझं. त्यांचं गुपित तुम्हाला नाही, तुमचं त्यांना नाही, असा नियम... यांगा, मी रोज ठरवायची, आज सांगते."

"तुला अल्माटीला पाठवायला ओयाशी कोण भांडलं होतं?"

"तुम्ही."

"का भांडले असेन मी?"

मुनीसाने पुढचा जर्दाळू उचलला. सबोहतने कारण सांगितलं नाही. ती शाळेत असताना सोळाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं आणि भूगोलाचं पुस्तक तिने अजून पेटीत ठेवलंय, हे तिची मुलाखत घेऊनही मुनीसाचं विचारायचं राहून गेलं होतं.

तख्तावर तोवर अमकांनी पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. सियोवुश मान खाली घालून बसला होता. ओयाने त्याचा वाळका नान चहात भिजवून तुकडे केले होते आणि रीत मोडल्याच्या धास्तीने एक एक तुकडा त्याच्या डाव्या हातात ठेवत होती.

"बैस, मुनीसा," अमक म्हणाले. "सरळ बोलतो. याचा हात गेला. घर चालायला हवं. तुला रशियन येतं, इंग्रजी येतं. खुजंदला माझ्या ओळखीने कुठेही चिकटशील. अल्माटी पुरे आता. एक वर्ष शिकलीस, खूप झालं."

"ती शिक्षण पुरं करणार," ओया म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण ठाम.

"तू तर हिच्या जाण्याच्याच विरोधात होतीस!"

"होते. आता नाही. हा हात कुणी खाल्ला हे कुणीतरी लिहायला नको का?"

"लिहून बोटं उगवतात का, सानोबर?"

"अमक, तिला जाऊ द्या," सियोवुश म्हणाला. "माझ्या पैशावर शिकलीय ती. ते तरी वाया जाऊ नये."

मुनीसाला हे सगळ्यात जास्त लागलं. कालपर्यंत या वर्षासाठी ती कुणाशीही भांडली असती. आता तिच्यासाठी इतरजण भांडत होते आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. "मी राहते," ती म्हणाली. "अमक म्हणतात तेच बरोबर. मी खुजंदला नोकरी बघते."

"प्रायश्चित्त घेतेस?" मागून सबोहतचा आवाज आला. ती हात पुसत ओसरीतून येत होती. "आम्हाला त्याचा काय उपयोग? तुझ्या आकांनी हिवाळाभर तुझ्यापुढे तोंड उघडलं, मी उघडलं. ते अर्धवट टाकून तू खुजंदच्या कुठल्यातरी दुकानात बसणार? मग आम्ही बोललो कशाला?"

"मग घर कसं चालेल, सूनबाई?" अमक म्हणाले. "तेवढं सांगा."

सबोहत दस्तरखानापाशी बसली. मधोमध मुनीसासाठी भाजलेला नान होता, अजून कोमट, वर तीळ लावलेला. तो तिने उचलला आणि कुणाला काही कळायच्या आत कडेचा एक मोठा घास चावला.

"अग!" ओया ओरडली. "तो मुनीसाचा..."

सबोहत सावकाश चावत राहिली. घास पुरता गिळल्यावर बोलली. "माझी बहीण येकातेरिनबुर्गला शिवणकामाच्या कारखान्यात आहे. दोन वर्षं बोलावतेय. मी जाते."

"नवरा घरात आणि बायको परदेशात?" अमकांचा चेहरा लाल झाला. "गल्लीत तोंड कसं दाखवायचं मी?"

"तुमचं तोंड अमक, गल्लीने पुष्कळ वर्षं पाहिलंय. तिला सवय आहे." मग तिने सियोवुशकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा नीट. "मुलींच्या वेण्या ओया घालतील. जर्दाळू तुम्हाला फोडता येणार नाहीत, पण वाळवता येतील. मी काय काय बोलले तुम्हाला मार्चमध्ये... ते परत आल्यावर बोलू. आत्ता बोलले तर माझ्याने जाववणार नाही."

सियोवुशने मान हलवली. त्याने डाव्या हाताने आपल्या वाट्याच्या भिजल्या नानचा एक तुकडा उचलून तिच्यासमोर ठेवला. तिने तो खाल्ला.

मुनीसा उभीच होती. तिच्या ओठांशी कितीतरी प्रश्न आले होते आणि त्यातला एकही विचारायची तिला छाती होत नव्हती. सबोहतला ते दिसलं.

"विचार," ती म्हणाली. "तुला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे. तुझ्या आकांना तेव्हा विचारायला नको होतंस. मला आत्ता विचारायलाच हवं."

"यांगा, करार लेखी आहे?"

"माहीत नाही. बहिणीला विचारते."

"कारखान्याचा मालक कोण? की मधे ठेकेदार आहे?"

"माहीत नाही."

"तुमचा पासपोर्ट कुणी ठेवून घेईल. देऊ नका. कुणालाही देऊ नका. सही करायच्या आधी मला फोटो पाठवा, मी वाचते, प्रत्येक ओळ वाचते. आणि दुखलं, खुपलं तर..." मुनीसा आता सगळ्यांसमोर रडत होती, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. "यांगा, तुम्हाला भीती वाटते का?"

सबोहतने आपला चावलेला नान फडक्यात ठेवला, चारही टोकं नीट जुळवली आणि गाठ मारून तो ओयाच्या हातात दिला.

"हा प्रश्न पहिला विचारायचा होता, मुनीसा," ती म्हणाली.

ओया उठली आणि सकाळीच मोकळ्या झालेल्या खिळ्याला तिने तो नान टांगला. मुनीसाला दुसऱ्या दिवशी निघताना घाईघाईत शेजारणीकडून आणलेला एक नान चावावा लागला. तो टांगायला दुसरा खिळा ठोकायचा होता. खिळा सियोवुशने धरला आणि सबोहतने हातोडी मारली.